रिबिल्डवाल्या टीमने चांगला तरुण प्लेअर ट्रेड करावा का? आधी घाई कोणाला आहे ते बघा

शिरपूरच्या एका पोराने विचारलंय. प्रश्न असा की समजा एनबीएतली एक टीम रिबिल्ड करतेय, म्हणजे तरुण पोरांवर नव्याने टीम उभी करतेय, मागच्या सीझनला ८२ पैकी जेमतेम १९ मॅचेस जिंकल्या, त्यांच्याकडे २२ वर्षांचा एक गार्ड आहे, मॅचला २० पॉइंट काढतो, तीन सीझन झालेत म्हणजे आता एक्स्टेन्शनचा (कॉन्ट्रॅक्ट वाढवायचा) विषय निघणार. आणि दुसरी एक टीम त्याच्या बदल्यात दोन फर्स्ट राउंड पिक, म्हणजे ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत नवा प्लेअर निवडायचे हक्क, द्यायला तयार आहे (त्यातला एक टॉप-८ प्रोटेक्टेड, म्हणजे पहिल्या आठात आला तर तो त्यांच्याकडेच राहणार), वर ३० वर्षांचा, कधीकाळी ऑलस्टार राहिलेला एक फॉरवर्ड. द्यावा का? त्यांच्या ग्रुपवर म्हणे दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते पिक घ्या आणि मोकळे व्हा, दुसरी म्हणते वेडे आहात का, त्याच्याभोवतीच टीम बांधा.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, ही ऑफर आहे तशी असेल तर नाही. पण "तरुण प्लेअर कधीच द्यायचा नाही" असंही माझं म्हणणं नाही भो, कधीकधी द्यावाच लागतो आणि देणारा शहाणा ठरतो. फरक कशाने पडतो ते जरा सविस्तर लिहितो, वेळ असेल तर वाच.

मी भुसावळला बरीच वर्षं पोरांना बास्केटबॉल शिकवतोय, एनबीए पहाटे उठून बघतो, त्यामुळे जे लिहितोय ते कोचच्या नजरेतून, फॅनच्या नाही.

पहिली अडचण आपल्या सवयीची आहे. आपण आयपीएल बघून मोठे झालो. तिथे दर तीन-चार वर्षांनी मेगा ऑक्शन येते, चार-सहा नावं रिटेन केली की बाकी सगळी टीम पुन्हा बाजारात, म्हणजे वाईट टीमलाही एका वीकेंडमध्ये नवी टीम उभी करता येते. त्यामुळे "पाच वर्षं हरत राहा आणि मग जिंका" हा प्रकारच आपल्याला झेपत नाही. एनबीएत ऑक्शन नाही. तिथे ड्राफ्ट आहे (नव्या पोरांची निवड, वाईट टीमना आधीचे नंबर), सॅलरी कॅप आहे (टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा), आणि मोठ्या नावाचा फ्री एजंट, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपून मोकळा झालेला प्लेअर, हरणाऱ्या टीमकडे सहसा येत नाही, मग ती टीम कितीही पैसे ओतू दे. म्हणून अशा टीमकडे चांगला प्लेअर यायला खरे दोनच रस्ते राहतात, ड्राफ्ट आणि ट्रेड. अशात घरात आधीच एक चांगला पोरगा तयार होत असेल तर तो बाहेर काढायला कारण तेवढंच मोठं लागतं.

आता पिकवाली पार्टी म्हणेल, सर, त्याला दिला की टीम अजून हरेल, अजून हरली की नंबर एकचा पिक. हे गणित जुनं झालं. ड्राफ्टमध्ये आधी कोणी निवडायचं ते लॉटरीने, म्हणजे सोडतीने ठरतं, आणि २०१९ पासून तिचे चान्स बदललेत, सगळ्यात खालच्या तिन्ही टीमना नंबर एकसाठी सारखेच १४ टक्के, आधी एकट्या सगळ्यात वाईट टीमला २५ टक्के असायचे. आणि सगळ्यात वाईट टीम घसरून घसरून पाचव्या नंबरपर्यंत जाऊ शकते. जाते पण! २०२३ ला सगळ्यात वाईट रेकॉर्ड डेट्रॉइटचा, पिक आला पाचवा. २०२४ ला पुन्हा डेट्रॉइट, पुन्हा पाचवा. २०२५ ला युटा सगळ्यात खाली, त्यांनाही पाचवाच. आणि त्याच २०२५ ला नंबर एक लागला कोणाला तर डॅलसला, ज्यांचे चान्स होते १.८ टक्के आणि ज्यांनी तीन महिन्यांपूर्वी आपलाच स्टार लुका डॉन्चिचला लेकर्सकडे पाठवून अख्खं शहर अंगावर घेतलं होतं. तर हरण्यासाठी म्हणून तयार प्लेअर देणं, हे कारण माझ्या वहीत बसत नाही.

मग देण्याचं खरं कारण काय? वय आणि वेळ. तुमची टीम खऱ्या अर्थाने कधी जिंकणार, आणि त्या वेळी हा प्लेअर किती वर्षांचा असेल, किती महाग असेल, हा हिशोब. सॅन अँटोनिओ स्पर्सचं उदाहरण घे. डेजॉन्टे मरे, २५ वर्षांचा, २०२१-२२ ला २१ पॉइंट, ८ च्या वर रिबाउंड, ९ च्या वर असिस्ट, नुकताच ऑलस्टार झालेला. जून २०२२ ला त्यांनी त्याला अटलांटाला दिला आणि तीन फर्स्ट राउंड पिक, वर एक पिक स्वॅप (दोघांच्या पिकांतला चांगला आपण घ्यायचा हक्क) घेतला. तेव्हा लोक म्हणाले, अरे पंचविशीतला ऑलस्टार कोणी देतं का. पण स्पर्सकडे त्याच्या जोडीला दुसरा कोणी मोठा नव्हता, दोन वर्षांनी त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपणार होतं, आणि टीम त्या दोन वर्षांत कुठेच पोचणार नव्हती. पुढच्या सीझनला २२ जिंकले, २०२३ ला लॉटरीत नंबर एक लागून वेंबान्यामासारखा हिरा मिळाला, ते नशीब, पण मरेचं वय आणि १९ वर्षांच्या वेंबान्यामाचं वय जुळणारच नव्हतं, हे नशीब नाही, हा विचार. आपल्याकडे रावेर-यावलच्या केळीवाल्याला विचार, बुडाशी दहा पिलं फुटतात, सगळी ठेवली तर घड पोसत नाही, म्हणून कापत जातात आणि पिलबागेसाठी एकच राखतात, ते पण पुढच्या बागेच्या वेळेत बसेल असं. कापलेलं पील काही खराब नसतं.

पण इथे एक मेख आहे. मरे २५ चा होता. तुझ्या प्रश्नातला पोरगा २२ चा आहे. तीन वर्षांचा हा फरक लहान वाटतो, पण रिबिल्डमध्ये तीन वर्षं म्हणजे सगळं काही.

आता ज्या गोष्टीवर मला खरं बोलायचंय ती घाई. आमच्या अहिराणीत विचारतात तसं, घाई कोनले शे? मालकाला, जीएमला (ट्रेड-ड्राफ्ट ठरवणाऱ्या मॅनेजरला), कोचला, का टीमला? मी जेवढे फसलेले ट्रेड बघितले त्यात बहुतेक वेळा टीमला घाई नव्हती, माणसाला होती. जीएमची खुर्ची हलत असते, मालकाला सीझन तिकिटं विकायची असतात, चार वर्षं हरून सगळे वैतागलेले असतात, आणि मग कोणीतरी म्हणतं की आता बस, आता जिंकायचं.

ऑरलँडोचं बघ. ड्वाइट हॉवर्ड २०१२ ला गेला, त्यांनी रिबिल्ड सुरू केलं, २०१३ ला दुसऱ्या नंबरवर व्हिक्टर ओलाडिपो घेतला. तीन सीझन झाले, पोरगा चांगला होता पण स्टार झाला नव्हता, टीम हरतच होती. जून २०१६, ड्राफ्टच्या रात्री त्यांनी ओलाडिपो, इल्यासोवा आणि त्याच रात्री अकराव्या नंबरवर घेतलेला डोमांटस सबोनिस असे तिघे ओक्लाहोमा सिटीला दिले आणि सर्ज इबाका आणला. इबाका चांगला डिफेंडर, फायनल खेळलेला, सगळं बरोबर, पण त्याच्या कॉन्ट्रॅक्टचं एकच वर्ष उरलेलं! म्हणजे जी टीम अजून जिंकायला तयारच नाही तिने एका वर्षाचा माणूस घेतला आणि बदल्यात दोन तरुण दिले. पुढच्या फेब्रुवारीत, सीझन संपायच्या आतच, इबाकाला टोरांटोला पाठवावं लागलं, आले टेरेन्स रॉस आणि एक पिक. झालं, संपला हिशोब.

खरी गंमत पुढे आहे. ओक्लाहोमाने वर्षभराने, २०१७ ला, ओलाडिपो आणि सबोनिस इंडियानाला देऊन पॉल जॉर्ज घेतला. तेव्हा सगळे इंडियानाला हसले होते, एवढ्या मोठ्या प्लेअरचे एवढेच? तर ओलाडिपो पहिल्याच वर्षी ऑलस्टार आणि मोस्ट इम्प्रूव्हड प्लेअर, सबोनिस पण पुढे ऑलस्टार. इकडे ओक्लाहोमाने २०१९ ला पॉल जॉर्ज क्लिपर्सला दिला आणि घेतलं काय? शे गिल्जस-अलेक्झांडर, जो तेव्हा एकच सीझन खेळलेला एक सडपातळ गार्ड, अधिक गॅलिनारी, अधिक पाच फर्स्ट राउंड पिक आणि दोन स्वॅप. त्या पिकांपैकी एकातून २०२२ ला बाराव्या नंबरवर जेलन विल्यम्स आला. आणि इंडियानाने फेब्रुवारी २०२२ ला सबोनिस सॅक्रामेंटोला देऊन टायरीस हॅलिबर्टन घेतला. आता २०२५ ची फायनल आठव, कोण विरुद्ध कोण? ओक्लाहोमा विरुद्ध इंडियाना, सातव्या मॅचपर्यंत. शे एमव्हीपी, जेलन विल्यम्स त्याच्या जोडीला, समोर हॅलिबर्टन. दोन्हीकडच्या मुळाशी खणत गेलास तर ऑरलँडोने घाईत दिलेले तेच दोन पोरं सापडतात. मला बास्केटबॉलमध्ये पेशन्स शिकवायचा असला की मी पोरांना हीच साखळी फळ्यावर काढून दाखवतो, बाणच बाण होतात, पण समजतं त्यांना.

त्या साखळीतला हॅलिबर्टनवाला भाग तुझ्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा आहे म्हणून तिथे थांबतो. सॅक्रामेंटो तेव्हा सोळा वर्षं प्लेऑफला जायची राहिलेली टीम, लीगच्या इतिहासात एवढा दुष्काळ कोणाचाच नाही. (मालक विवेक रणदिवे, मूळ आपल्या मुंबईचे. २०१९ ला वरळीच्या डोममध्ये एनबीएच्या दोन मॅचेस झाल्या त्या याच किंग्ज (सॅक्रामेंटो) आणि पेसर्सच्या (इंडियाना), सबोनिस तेव्हा पेसर्सकडून खेळला होता.) त्यांच्याकडे दोन तरुण गार्ड, डिएरन फॉक्स आणि हॅलिबर्टन. फॉक्सला मोठं कॉन्ट्रॅक्ट दिलेलं, हॅलिबर्टन दुसऱ्याच वर्षात, रूकी कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे स्वस्त. दोघांनाही बॉल हातात लागतो. त्यांनी स्वस्त आणि लहान असलेला दिला, सबोनिस घेतला.

आणि खोटं कशाला बोलू, लगेच फायदा झाला. २०२२-२३ ला ४८ जिंकले, प्लेऑफला गेले, जिंकले की हॉलच्या वर जांभळा लेझर लावायचे, शहर वेडं झालं होतं. पहिल्याच राउंडला गोल्डन स्टेट वॉरियर्सशी सात मॅचेस, सातव्यात त्यांच्या स्टेफ करीने ५० मारले, बाहेर. त्यानंतर? पुढच्या वर्षी प्लेऑफ नाही, डिसेंबर २०२४ ला कोच काढला, फेब्रुवारी २०२५ ला फॉक्सच सॅन अँटोनिओला गेला. आणि हॅलिबर्टन त्याच वर्षी फायनलमध्ये. काही लोक आजही म्हणतात की ट्रेड दोघांना फायद्याचा झाला. मला नाही पटत. सोळा वर्षांनंतर प्लेऑफ बघितलेल्या माणसाचा आनंद मी कमी लेखत नाही, पण तो आनंद एका सीझनचा होता आणि किंमत दहा वर्षांची.

दोन गार्डची अडचण मात्र खरी असते, ती मी रोज बघतो. मध्यंतरी माझ्याकडे अंडर-१७ ला असेच दोन होते, एक भुसावळचाच, दुसरा फैजपूरकडून सायंकाळच्या एसटीने यायचा. दोघांचं हँडल मस्त. पण एकाच्या हातात बॉल आला की दुसरा कॉर्नरला जाऊन कमरेवर हात ठेवून उभा, आणि चार पझेशननंतर त्याच्याकडे पास गेला तर तो थंड झालेला, शॉट रिंगच्या पुढच्या कडेला. लोकांनी मला सांगितलं की एकाला बसवा. मी काय केलं, सुरुवातीची पाच-सहा मिनिटं दोघं सोबत, मग एक बाहेर एक आत, मग उलट, शेवटी पुन्हा दोघं. त्यात फैजपूरवाल्याला मी एकच गोष्ट सांगितली, बॉल हातात नसताना उभं राहायचं नाही, पास दिला की कट मारायचा. सीझन अर्धा होईपर्यंत बसलं. एनबीएच्या कोचला हे माहीत नसतं असं थोडंच आहे, पण बसायला दीड-दोन वर्षं लागतात आणि तेवढा वेळ द्यायचा का, हे वर बसलेला ठरवतो.

बरं, आता दुसरी बाजू. कोणाला द्यायचाच? तर वाईट टीममध्ये राहून पॉइंट काढणारा पण टीम चांगली न करणारा. हे ओळखणं सगळ्यात अवघड, आणि ओळखलं तर सगळ्यात फायद्याचं. मायकल कार्टर-विल्यम्स आठवतो का? फिलाडेल्फिया, तिथला जीएम सॅम हिंकी, त्याचा तो "प्रोसेस", म्हणजे मुद्दाम हरत पिक गोळा करणं. पोराची पहिलीच मॅच लेब्रॉनच्या मायामीविरुद्ध, २२ पॉइंट, १२ असिस्ट, ७ रिबाउंड, ९ स्टील. रूकी ऑफ द इयर झाला, सीझनचे ॲव्हरेज १६ च्या वर पॉइंट, ६ च्या वर रिबाउंड, ६ च्या वर असिस्ट. कागदावर हिरा. पण ती टीम लीगमध्ये सगळ्यात फास्ट खेळायची, पझेशन जास्त, म्हणून आकडे फुगलेले, आणि थ्री पॉइंटचं त्याचं शूटिंग होतं २६ टक्के. म्हणजे डिफेंडर निवांत स्क्रीनच्या (वाटेत अडवून उभ्या राहिलेल्या त्याच्या साथीदाराच्या) खालून जायचा, त्याला शॉटसाठी मोकळा सोडायचा, आणि मग बाकीच्या चौघांना जागाच उरायची नाही. हिंकीने फेब्रुवारी २०१५ ला, रूकी ऑफ द इयर मिळून वर्षही झालं नव्हतं, त्याला मिलवॉकीला दिला आणि लेकर्सचा एक पिक घेतला. शिव्या खाल्ल्या. पण दीड वर्षात मिलवॉकीनेही त्याला शिकागोला देऊन टाकला, टोनी स्नेलसाठी. म्हणजे विकायची वेळ अगदी बरोबर होती.

फक्त त्या पिकचं पुढे काय झालं ते ऐक, म्हणजे "प्रोटेक्टेड" शब्दाला तू घाबरायला शिकशील. लेकर्सचा तो पिक पहिल्या वर्षी टॉप-५ प्रोटेक्टेड, पुढची दोन वर्षं टॉप-३. लेकर्सना २०१५ ला दुसरा नंबर लागला, पिक त्यांच्याकडेच राहिला. २०१६ ला दुसरा, राहिला. २०१७ ला पुन्हा दुसरा, राहिला! शेवटी २०१८ ला मिळाला, दहावा. तोपर्यंत हिंकी जाऊन दोन वर्षं झालेली. त्या दहाव्यावर फिलाडेल्फियाने मिकल ब्रिजेस घेतला, ज्याची आई त्याच संस्थेत नोकरीला होती, टीव्हीवर माय-लेकाचं कौतुक चालू असतानाच तासाभरात त्याला फिनिक्सला ट्रेड केला. म्हणजे प्लेअर बरोबर वेळी विकला आणि पैसे मोजून घेतानाच गडबड. ट्रेड हा कधी एका दिवसाचा नसतो, पुढची सगळी माणसं पण शहाणी लागतात.

तू मॅच बघताना हे कसं ओळखशील? स्कोअरबोर्ड झाक. तुझा २० पॉइंटवाला ड्राइव्ह मारतो तेव्हा कॉर्नरवरचा डिफेंडर हेल्पला आत येतो, त्या क्षणी याचे डोळे कुठे आहेत ते बघ. रिंगवरच असतील तर तो स्वतःसाठी खेळतोय. कॉर्नरला पास गेला तर पास कुठे पोचला ते बघ, छातीशी का गुडघ्याशी. गुडघ्याशी आलेला पास उचलून शूटरला हात वर न्यायला जो अर्धा सेकंद लागतो ना, तेवढ्यात डिफेंडर परत येतो. हॅलिबर्टनचा शॉट दिसायला काय वेडावाकडा आहे, मी माझ्या पोरांना तसा मारू देणार नाही, पण पास बघ, पकडणाऱ्याला हात हलवायलाही लागत नाही. दुसरं, टीम पंचवीसने मागे असताना तिसऱ्या क्वार्टरमध्ये टर्नओव्हर झाला की तो परत धावतो का, का हात वर करून रेफ्रीकडे बघत चालत येतो. १९ मॅचेस जिंकणाऱ्या टीमवर हे बघायची संधी रोज मिळते. जो पोरगा हरणाऱ्या टीमवरही बाकीच्यांचं काम सोपं करतो त्याला हात लावायचा नाही. हा माझा नियम आहे.

पैशाचा भाग थोडक्यात. फर्स्ट राउंडवाल्याचं पहिलं कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं, रक्कम ठरलेली, स्वस्त. तिसरा सीझन संपला की एक्स्टेन्शनची बोलणी करता येतात, चौथा सीझन सुरू व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत मुदत. मॅक्स, म्हणजे नियमात बसणारा जास्तीत जास्त पगार, दिला तर कॅपच्या २५ टक्के, २०२५-२६ चा कॅप १५४.६ मिलियन डॉलर म्हणजे पहिल्याच वर्षी ३८-३९ मिलियन, पाच वर्षांचे मिळून साधारण २२४. २३ वर्षांच्या पोराला एवढे दिले आणि तो खरा नसला तर पाच वर्षं हातपाय बांधले गेले समज, नवीन नियमात सेकंड एप्रनच्या (टीमच्या एकूण पगाराची कॅपच्याही बरीच वरची एक रेषा) वर गेलेल्या टीमला तर ट्रेडसुद्धा धड करता येत नाही. म्हणून कोणी म्हणालं की "मॅक्स मागेल त्याआधी विका" तर तो मूर्ख नाही. पण उलटंही बघ. वॉशिंग्टनकडे डेनी अवडिया होता, २३ वर्षांचा, २०२३-२४ ला जवळपास १५ पॉइंट, आणि कॉन्ट्रॅक्ट चार वर्षं ५५ मिलियन, ते पण दरवर्षी कमी होत जाणारं! टीमने त्या वर्षी १५ जिंकलेल्या, रिबिल्डला नुकती सुरुवात. त्यांनी तो पोर्टलँडला दिला, बदल्यात चौदावा पिक, २०२९ चा एक फर्स्ट, दोन सेकंड आणि ब्रॉगडन. अवडिया पोर्टलँडमध्ये पुढच्याच सीझनला १७ च्या आसपास गेला, रिबाउंड सातच्या वर. आता कोणी सांगेल की २०२९ चा पिक अजून यायचाय, बरोबर आहे, पण मला एक कळत नाही, चौदाव्या पिकात आणि २०२९ च्या पिकात तुम्ही जे शोधताय ते जास्तीत जास्त अवडियासारखंच कोणी निघेल ना? मग हातातलं का सोडायचं.

ठेवल्याचं चांगलं उदाहरण पुन्हा डेट्रॉइट. २०२३-२४ ला १४ जिंकल्या, ६८ हरल्या, त्यात सलग २८ हरल्या. केड कनिंगहॅम २०२१ चा नंबर एक, २२ वर्षांचा, लोक म्हणत होते की याच्याने पण काही होत नाही. त्याच उन्हाळ्यात डेट्रॉइटने त्याला पूर्ण २२४ मिलियनचं एक्स्टेन्शन दिलं. आणि त्याच्याभोवती काय बदललं, तर नवीन कोच, आणि शूट करू शकणारे अनुभवी तीन जण, टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनिअर. पुढच्या वर्षी ४४ जिंकल्या. १४ वरून ४४. केड तोच होता, त्याच्या पासवर शॉट टाकणारं कोणीतरी आलं एवढंच. वाईट टीममधल्या तरुण प्लेअरचे आकडे वाचताना समोरचे चार कोण होते ते वाचलंच पाहिजे, कार्टर-विल्यम्सचे आकडे वाईट टीममुळे फुगले होते आणि केडचे वाईट टीममुळे दबले होते, दोन्ही होऊ शकतं, म्हणून तर मॅचची टेप बघायची.

आणि पब्लिकचं फार ऐकायचं नाही. मार्च २०१२ ला गोल्डन स्टेटने मॉन्टा एलिस, लोकांचा लाडका स्कोअरर, मिलवॉकीला देऊन जखमी अँड्र्यू बोगट घेतला. घरी ठेवला कोण, तर घोट्याने हैराण असलेला, त्या सीझनला फक्त २६ मॅचेस खेळलेला स्टेफ करी. आठवडाभरात भर हॉलमध्ये लोकांनी मालकाची हुर्यो उडवली. २०१५ ला टीम चॅम्पियन झाली आणि तेच लोक मिरवणुकीत नाचले.

तर आता तुझ्या २२ वर्षांच्या गार्डकडे. आलेली ऑफर तुकड्यातुकड्याने बघ. ३० वर्षांचा फॉरवर्ड १९ जिंकणाऱ्या टीमला कशाले पाहिजे? तुमची टीम जिंकायला लागेल तेव्हा तो ३३-३४ चा, म्हणजे त्याची किंमत शून्य धरायची, फार तर पुढे कोणाला तरी देता येईल. टॉप-८ प्रोटेक्टेड पिक म्हणजे समोरची टीम फार वाईट झाली तर पिक त्यांच्याकडेच राहणार, बरी झाली तर तुम्हाला नववा ते तिसावा यातला कुठलातरी मिळणार, आणि तुमच्या पोराला घेऊन ते बरेच होणार आहेत, म्हणून धरून चाल अठरावा-विसावा. राहिला एक मोकळा पिक. म्हणजे २० पॉइंटवाल्या २२ वर्षांच्या पोराचे एक पिक आणि थोडी चिल्लर. नाही म्हणायचं.

त्यापेक्षा जास्त मिळत असेल, म्हणजे दोन-तीन बिनप्रोटेक्शनचे पिक, ते पण चार-सहा वर्षांनंतरचे जेव्हा समोरच्यांचे म्हातारे रिटायर झालेले असतील, आणि सोबत त्याच वयाचा एखादा तरुण जो अजून कोणाच्या डोळ्यात भरलेला नाही, शे जसा २०१९ ला होता, तर फोन ठेवू नका, बोला. आणि तेव्हाही आधी ती कॉर्नरच्या पासवाली टेप बघा.

एक्स्टेन्शनचं म्हणशील तर ऑक्टोबरपर्यंत बोलणी करा, मॅक्सच्या खाली जमलं तर सही करून टाका. नाही जमलं तरी आभाळ कोसळत नाही, चौथा सीझन त्याला खेळवा, शूट करणारे दोन अनुभवी माणसं त्याच्या बाजूला द्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होईल, म्हणजे बाहेरच्या कोणी ऑफर दिली तरी तेवढीच रक्कम देऊन त्याला ठेवायचा हक्क तुमच्याकडेच. फक्त एक लक्षात ठेव, एक्स्टेन्शनवर सही झाली की ते नवीन कॉन्ट्रॅक्ट सुरू होईपर्यंत त्याला ट्रेड करणं पगाराच्या हिशोबात अवघड होऊन बसतं, तेव्हा द्यायचाच असा विचार पक्का असेल तर तो सहीच्या आधी, नाहीतर मग वर्षभर तो विषय ग्रुपवर काढू नका.